भाताच्या मुलखात चिपांचे कोठार

तंजावूर जिल्ह्यात पापनाशमजवळ तिरुप्पालैत्तुरै इथे नायक राजवटीतले विटांचे एक कोठार आजही उभे आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, सुमारे 36 फूट उंच. त्याची क्षमता सांगितली जाते ती 3000 कलम (धान्याचे जुने तमिळ माप) भात अशी. किती भात येणार आणि तो किती काळ ठेवायचा, हे आधी ठरले आणि भिंती त्या हिशेबाने उभ्या राहिल्या, असे मानायला यात जागा आहे. आज इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना उभारताना नेमके उलटे घडताना दिसते. यंत्रांची लाइन, कार्यालय, उपाहारगृह, पार्किंग यांची आखणी होते आणि नकाशात जो चौकोन उरतो त्यावर ‘स्टोअर’ असे लिहिले जाते. त्या चौकोनात काय राहणार, किती दिवस राहणार आणि तिथली हवा त्याला मानवणार का, हे प्रश्न माल येऊन पडल्यावर विचारले जातात. माझे म्हणणे असे की, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात साठवणीची जागा ठरवताना चौरस फूट हे शेवटचे उत्तर असायला हवे. पहिले दोन प्रश्न काळाचे आणि ओलाव्याचे आहेत. तंजावूरसारख्या ठिकाणी ते टाळता येत नाहीत, म्हणून हा विषय समजून घ्यायला हे ठिकाण चांगले.

मराठी माणसाला तंजावूर माहीत असते ते भोसल्यांच्या राज्यामुळे, सरफोजीराजांमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयातल्या ताडपत्रांमुळे व मोडी कागदांमुळे. इलेक्ट्रॉनिक्सशी या नावाची सांगड कोणी घालत नाही. तामिळनाडूतले मोठे कारखाने श्रीपेरुंबुदूर, ओरगडम, होसूर या पट्ट्यांत आहेत. कावेरीचा त्रिभुज प्रदेश मात्र भाताचा राहिला आणि 2020 मध्ये राज्याने कायदा करून तो संरक्षित कृषी क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्या कायद्याने बंदी घातलेल्या उद्योगांत धातू वितळवण्याचे कारखाने, कातडी कमावण्याचे उद्योग, तेल-वायूचे उत्खनन अशी नावे आहेत. सर्किट बोर्डावर सुटे भाग जोडण्याचा धूरविरहित उद्योग त्यात नाही. शेतीला धक्का न लावता इथल्या मुलांना काम देऊ शकेल, अशा मोजक्या उद्योगांत त्याची गणना करावी लागते. तिरुमलैसमुद्रम इथल्या शास्त्र विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून बाहेर पडणाऱ्यांना काम शोधायला दरवेळी चेन्नई किंवा बंगळूरच गाठावे लागू नये, ही अपेक्षा रास्त आहे. हाच विचार आपल्याकडेही लागू पडतो. पुणे जिल्ह्यात रांजणगावला केंद्राने 2022 मध्ये मंजूर केलेले, सुमारे 297 एकरांवरचे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुल आहे. गोव्यात पेडणे तालुक्यात तुये इथेही असे संकुल आखले गेले. रांजणगावची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. तुये आणि तंजावूर यांची तशी नाही.

हवेने एवढा फरक का पडावा, हे एका चिपकडे जवळून पाहिले की कळते. चिपचे काळे आवरण प्लास्टिकसारख्या पदार्थाचे असते आणि ते हवेतली वाफ हळूहळू आत शोषून घेते. डोळ्यांना काही दिसत नाही, वजनातही फरक जाणवत नाही. पुढे ती चिप बोर्डावर ठेवून भट्टीतून जाते, तेव्हा शिसेविरहित सोल्डर वितळवण्यासाठी तापमान 240-250 अंश सेल्सिअसपर्यंत चढवलेले असते. आत मुरलेल्या पाण्याची एकदम वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि आवरण आतून तडकते. कारखान्यांत याला ‘पॉपकॉर्न’ म्हणतात. तडा कधी बाहेरून दिसतो. पण बहुतेक वेळा तो आतच राहतो, बोर्ड चाचणीत पास होतो आणि काही महिन्यांनी ग्राहकाच्या घरी बंद पडतो. म्हणून प्रत्येक चिपला ओलाव्याची एक पातळी ठरवून दिलेली असते, कारखान्यात तिला ‘एमएसएल’ म्हणतात. पातळी 3 ची चिप बंद पिशवीतून काढल्यावर 30 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता यांच्या आत 168 तास, म्हणजे बरोबर एक आठवडा, उघडी राहू शकते. पातळी 4 ला 72 तास, पातळी 5 ला 48. पातळी 6 ची चिप तर वापरण्याआधी भट्टीत भाजून कोरडी करावीच लागते. पिशवी फोडली की घड्याळ सुरू होते. स्टोअरच्या कपाटात ठेवलेली उघडी पिशवी ही जागेच्या हिशेबात एक वस्तू असेल, पण प्रत्यक्षात ती संपत चाललेली मुदत असते.

आता हे घड्याळ तंजावूरला आणून पाहा. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि कालव्यांनी, भातशेतांनी वेढलेल्या या सपाट मुलखात हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते. धान्याच्या बाबतीत हा प्रदेश हे फार आधी शिकला. 1967 मध्ये कुरुवै हंगामाच्या काढणीच्या वेळीच जोराचा पाऊस झाला, ओल्या भाताचे करायचे काय हा पेच उभा राहिला आणि त्यातून तिरुवारूरच्या भातगिरणीत एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. तंजावूरला आज असलेली अन्नप्रक्रिया तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था, निफ्टेम, तिचे मूळ या प्रयोगशाळेत आहे. सरकारी खरेदी केंद्रावर भातातला ओलावा 17 टक्क्यांच्या आत असावा हा नियम आहे आणि पावसाने काढणी गाठली की ही मर्यादा सैल करावी म्हणून राज्य सरकार वारंवार केंद्राकडे मागणी करते. चिपच्या बाबतीत अशी सवलत मागायला कोणाकडे जाता येत नाही. चिप बनवणाऱ्या कारखान्याकडून सीलबंद येणाऱ्या पिशवीलासुद्धा मर्यादा आहेत. आत शोषक पुड्या आणि ओलावा दाखवणारे कार्ड घालून बंद केलेल्या पिशवीची एक वर्षाची मुदत धरली जाते, ती बाहेरचे तापमान 40 अंशांच्या आणि आर्द्रता 90 टक्क्यांच्या आत असेल तरच. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली, वरच्या रॅकजवळ 40 अंश ओलांडणे अवघड नाही. पावसाळ्यात दार सतत उघडे राहणाऱ्या माल उतरवण्याच्या जागेत 90 टक्के ओलावा होणेही अवघड नाही. म्हणजे फोडलेली पिशवी तर सोडाच, न फोडलेली पिशवीही इथे कुठे ठेवली आहे याला महत्त्व आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मग सगळे स्टोअर वातानुकूलित करा आणि मोकळे व्हा. हे उत्तर महाग आहे, पण त्याहून मोठी अडचण ही की ते पुरेही पडत नाही आणि थोडे चुकीचेही आहे. चांगले वातानुकूलन आर्द्रता 50-55 टक्क्यांवर आणून ठेवेल. तिथे चिपचे घड्याळ चालूच राहते, 168 तास हे 60 टक्क्यांच्या आतल्या हवेचेच गणित आहे. घड्याळ थांबवायचे तर आर्द्रता 5 टक्क्यांच्या आसपास आणावी लागते आणि ते खोलीत नव्हे, बंद कपाटात होते. ‘ड्राय कॅबिनेट’ म्हणतात ते हे. मग सगळी खोलीच 5 टक्क्यांवर का नेऊ नये? कारण कोरड्या हवेत स्थिर वीज साठते. माणसाला बोटाला चटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टला. काही नाजूक चिपा शंभर व्होल्टच्या आतही बिघडतात, म्हणजे माणसाला काहीही न जाणवता. म्हणून काम करण्याची हवा फार ओली नको तशी फार कोरडीही नको, रॅक जमिनीशी विद्युतदृष्ट्या जोडलेले हवेत, फरशी आणि चपला वीज वाहून नेणाऱ्या हव्यात. ओलावा आणि स्थिर वीज या दोन शत्रूंच्या मागण्या परस्परविरोधी आहेत आणि एकाच खोलीच्या एकाच हवेने दोघांना तोंड देता येत नाही. स्टोअर हा एक चौकोन नसून वेगवेगळ्या हवांच्या अनेक जागा आहेत, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

त्या जागा मोजायला गेले तर फार नाहीत, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. सोल्डर पेस्ट फ्रिजमध्ये, साधारण 10 अंशांच्या आत राहते आणि तिची मुदत बहुधा काही महिन्यांचीच असते. वापरण्याआधी बरणी काही तास बाहेर काढून न उघडता ठेवावी लागते, कारण गार बरणी लगेच उघडली तर बाहेरच्या हवेतले पाणी पेस्टवर जमते, आणि तंजावूरच्या हवेत ते भराभर जमेल. याचा अर्थ फ्रिजशेजारी ‘बाहेर काढलेल्या’ बरण्यांसाठीही वेगळी जागा आणि प्रत्येकीवर वेळ लिहायची सोय हवी. कोरे सर्किट बोर्ड निर्वात पिशव्यांत, सपाट, वजनाखाली न वाकता ठेवावे लागतात. त्यांच्या तांब्यावरचा लेपही काळाने खराब होतो. ज्या चिपांचे तास संपले त्यांना भाजण्याचा ओव्हन हवा, आणि ज्या रिळांवर हे भाग पट्टीत गुंडाळून येतात त्यांची प्लास्टिकची चाके भाजण्याचे नेहमीचे 125 अंश सोसत नाहीत म्हणून त्यांना कमी तापमानात खूप जास्त वेळ ठेवावे लागते. तेवढा वेळ तो माल स्टोअरचाही नसतो आणि लाइनचाही. बाहेरून आलेला आणि अजून तपासला न गेलेला माल वेगळा, नाकारलेला माल कुलपात. आणि दुसऱ्या कंपनीसाठी जोडणी करणारा कारखाना असेल तर ग्राहकाच्या मालकीचा मालही वेगळा. यातली एखादी जागा नकाशात नसेल तर ती नाहीशी होत नाही. ती जाण्यायेण्याच्या वाटेत, जिन्याखाली, टेबलाच्या कोपऱ्यावर तयार होते.

आता काळाचा प्रश्न. साठवणीचे गणित जितके सोपे आहे तितके ते क्वचित वापरले जाते. दिवसाला किती माल येतो आणि प्रत्येक नग सरासरी किती दिवस थांबतो, यांचा गुणाकार म्हणजे सरासरी साठा. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने 1961 मध्ये याची गणिती सिद्धता दिली, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. समजा एक मध्यम लाइन दिवसाला 40 रिळे खाते आणि रीळ सरासरी 30 दिवस थांबते. मग 1200 रिळे साठवायला हवीत. सात इंची रीळ सुमारे 18 सेंटिमीटर व्यासाचे असते आणि छोट्या कपॅसिटरचे असेल तर त्यात एकदम दहा हजार नग मावतात. दीड सेंटिमीटरच्या खाचेत एक रीळ धरले तर 90 सेंटिमीटरच्या फळीवर 60 रिळे, आठ फळ्यांच्या रॅकवर 480. तीन रॅक पुरले. त्यांच्या पायाखालची जमीन सहा चौरस फूटही होत नाही. आता याच कारखान्याचा तयार माल पाहा. दिवसाला दोन हजार उपकरणे, प्रत्येकाचे खोके 30 बाय 20 बाय 10 सेंटिमीटर. रोज 12 घनमीटर. एका पॅलेटवर दीड घनमीटर रचले तर रोज आठ पॅलेट आणि माल उचलायला आठवडा लागला तर 56. एकावर एक न रचता त्यांना सव्वासातशे चौरस फूट लागतील आणि ढकलगाडीच्या वाटा धरल्या की त्याच्या जवळजवळ दुप्पट. किमतीने सर्वांत मोठा माल सर्वांत कमी जागेत मावतो आणि चार-दोन रुपयांची खोकी, फोम, प्लास्टिकची आवरणे अख्खे दालन व्यापतात. म्हणूनच चौरस फुटांपासून सुरुवात केली की हमखास चूक होते. जागा खोक्यांच्या आकारमानाने ठरते, त्या जागेच्या हवेचा दर्जाही खोक्यांचाच ठरतो आणि चिपा त्याच हवेत राहतात. दोन्ही हिशेब वेगळे केले तर नियंत्रित हवेचा भाग इतका छोटा निघतो की तो नीट करणे परवडते.

सरासरीने मात्र भागत नाही. माल रोज चाळीस रिळांच्या हिशेबाने येत नाही, महिन्यातून दोन-तीनदा एकदम येतो. विक्रेता पूर्ण रिळाखाली विकत नाही, त्यामुळे पाचशे नगांची गरज असली तरी दहा हजारांचे रीळ घ्यावे लागते आणि लाइनवरून ते अर्धवट परत येते. अर्धवट रिळे हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत दुर्लक्षित पान वाटते. पूर्ण रीळ सगळ्यांना दिसते. परत आलेल्या रिळात किती नग उरले, ते किती तास उघडे होते, पिशवीत पुन्हा बंद केले का, हे विचारणारे कोणी नसेल तर महिन्याभरात कपाटात अशा रिळांचा ढीग होतो ज्यावर कोणाचाच विश्वास नसतो, आणि मग तेच भाग पुन्हा मागवले जातात. गोदाम पंचाऐंशी टक्क्यांपुढे भरले की काम अडखळते, असा अंदाज साठवणीच्या क्षेत्रात रूढ आहे, कारण माल इकडून तिकडे हलवायलाही मोकळी जागा लागते. हा उरलेला पंधरा टक्के भाग नकाशा पाहणाऱ्याला वाया गेल्यासारखा वाटतो. परत येणाऱ्या मालाची, मोजणीची आणि पिशव्या पुन्हा बंद करण्याची जागा तीच आहे.

दुसरा आक्षेप व्यवस्थापन शिकलेल्यांकडून येतो आणि तो गंभीर आहे. साठाच ठेवू नका, लागेल तेव्हा लागेल तेवढे मागवा, मग जागेचा प्रश्न मिटला. साठा म्हणजे अडकलेला पैसा, हे खरेच आहे. 2001 मध्ये मागणी अचानक कोसळली तेव्हा सिस्को कंपनीला सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा हिशेबातून काढून टाकावा लागला. पण ज्या टोयोटाने ही ‘वेळेवर माल’ पद्धत जगाला शिकवली, तिने 2011 च्या जपानमधील भूकंपानंतर चिपांच्या बाबतीत आपलाच नियम बदलला आणि पुरवठादारांना काही चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले. 2021 च्या सुरुवातीला चिपटंचाईने इतर कंपन्यांचे कारखाने थांबू लागले, तेव्हा टोयोटा काही काळ तग धरून होती. पुढे त्याच वर्षी तिलाही उत्पादन कापावे लागले. यातून निघणारा अर्थ सरसकट साठा करावा असा नाही. कोणता भाग दुसरीकडून मिळत नाही, तो यायला किती महिने लागतात आणि त्याला किती जागा लागते, हे भागागणिक पाहावे. मघाच्या गणितातली तीन रॅक सहापट झाली तरी अठराच होतात. खोक्यांचा साठा मात्र सात दिवसांवरून तीनवर आणला तर मोठे दालन मोकळे होते. वेळेवर मागवण्याची शिस्त खोक्यांना लावावी, ती जवळच बनतात. दूरदेशी बनणाऱ्या चिपांचा साठा करावा. तंजावूर चेन्नईपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि बरेच भाग समुद्रपार होऊन येणार, हे लक्षात घेतले तर तिथे हा भेद आणखी ठळक होतो. डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग चक्रीवादळात चेन्नईजवळचे फॉक्सकॉन आणि पेगाट्रॉनचे कारखाने थांबले होते. ज्या रस्त्याने आणि ज्या बंदरातून माल येतो तेही त्याच पावसात असतात.

वादळाचा मुद्दा साठवणीच्या जागेत आणखी एका बाजूने शिरतो. 16 नोव्हेंबर 2018 ला गज चक्रीवादळ नागपट्टिनम-वेदारण्यम किनाऱ्यावर आदळले आणि तंजावूर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टै, पेरावुरणी या भागांत नारळाच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले आणि अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी लाइन बंद राहिली तर नुकसान त्या दिवसांच्या उत्पादनाचे. सोल्डर पेस्टचा फ्रिज आणि कोरडी कपाटे बंद राहिली तर नुकसान साठ्याचे, आणि ते लाइन पुन्हा सुरू झाल्यावर कळते. जनरेटरला काय जोडायचे याची यादी करताना बहुधा यंत्रे वर असतात. या प्रदेशात ती उलटी असावी, कारण कपाटे आणि फ्रिज यांना वीज कमी लागते आणि ती अखंड लागते. जमिनीची उंचीही इथेच येते. त्रिभुज प्रदेशात पाणी साचते, म्हणून सर्वांत खालची फळी फरशीपासून किती वर हे त्या जागेवर पूर्वी किती पाणी चढले होते त्यावरून ठरवावे लागते. माल उतरवण्याच्या दाराला दोन दारांची बंदिस्त मोकळी जागा हवी, म्हणजे ट्रक आला तरी बाहेरची हवा थेट आत येणार नाही.

उरतो तो छोट्या उद्योजकाचा आक्षेप, आणि माझ्या मते तोच सर्वांत आदराने ऐकावा असा आहे. पन्नास-साठ लोकांचा कारखाना हे सगळे कुठून करणार? यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा कमी आणि क्रम जास्त लागतो, हे पहिले उत्तर. पिशव्या पुन्हा बंद करण्याचे यंत्र, ओलावा दाखवणारी कार्डे, एक-दोन कोरडी कपाटे, प्रत्येक पिशवीवर उघडल्याची तारीख-वेळ लिहायची चिठ्ठी आणि ती लिहिल्याशिवाय माल लाइनवर न देणारा स्टोअरकीपर, एवढ्याने मोठा धोका टळतो. रिळे आपोआप ठेवणारी-काढणारी महागडी टॉवरयंत्रे बाजारात आहेत, पण ज्याच्या नोंदी कागदावर चुकतात त्याच्या त्या यंत्रातही चुकतील. दुसरे उत्तर सामाईक सोयीचे आहे. मार्च 2025 मध्ये केंद्राने सुट्या भागांच्या उत्पादनासाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. संकुलांसाठीची योजना त्याआधीपासून आहे. रस्ते, वीज, पाणी यांच्याबरोबर अशा संकुलात कोरड्या साठवणीचे एक सामाईक कोठार उभारता येईल, चिपा भाजण्याच्या ओव्हनसह, अखंड विजेसह. अडचण मालकीची येईल. एखाद्या चिपचे 168 तासांतले साठ तास सामाईक कोठारात गेले आणि चाळीस कारखान्यात, तर उरलेले किती हे दोघांच्या वहीत एकच असले पाहिजे, आणि चिप तडकली तर भरपाई कोणी द्यायची हे आधी लिहून ठेवले पाहिजे. तिरुवारूरच्या गिरणीतली प्रयोगशाळा ओल्या भाताचे करायचे काय या प्रश्नातून उभी राहिली. तुये किंवा तंजावूर इथल्या सामाईक कोठाराची सुरुवातही उघडलेल्या पिशवीचे तास कोण, कुठे आणि कोणत्या घड्याळाने लिहिणार, या कराराच्या कलमापासून करावी लागेल; फरशीचे क्षेत्रफळ त्यानंतर ठरवता येईल.